जन्मनोंद नसलेलं बालपण: ऑस्ट्रेलियातल्या वसाहतकार घरातला पूर्वज कसा शोधायचा

नेड केली हा ऑस्ट्रेलियातला सगळ्यात गाजलेला दरोडेखोर. ११ नोव्हेंबर १८८० रोजी मेलबर्नच्या तुरुंगात त्याला फाशी दिली, हे तारखेसकट ठाऊक आहे. तो जन्मला कधी, हे मात्र आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. मेलबर्नच्या उत्तरेला बेव्हरिज नावाच्या गावी त्याचा जन्म झाला. व्हिक्टोरियात जन्ममृत्यूची सरकारी नोंद तेव्हा सुरू झाली होती, तरी त्याच्या जन्माची नोंद सापडत नाही. मग अभ्यासक डिसेंबर १८५४ हा महिना कशावरून धरतात? ३० मार्च १८६५ रोजी एका शाळा-तपासनिसाने आपल्या टिपणवहीत या मुलाचं वय दहा वर्षं तीन महिने असं लिहून ठेवलं होतं. जुलै १८७० मध्ये आईने त्याचं वय साडेपंधरा सांगितलं. शिवाय घरात एक गोष्ट सांगत आले होते, की युरेका स्टॉकेडची चकमक (सोन्याच्या खाणीवरचे खाणकरी आणि सरकारी फौज यांच्यातली) झाली त्या सुमारास नेड झाला. ती चकमक ३ डिसेंबर १८५४ ची. आपल्याकडे ‘प्लेगच्या साली झाला’ म्हणत, तसलाच हा हिशोब. पण तीन वेगळ्या तोंडांतून आलेल्या गोष्टी एकाच महिन्याच्या आसपास येऊन मिळतात, आणि पुरावा म्हणतात तो हाच.

बहुतेक वसाहतकार घरांतल्या मुलांचं असंच आहे. मूल स्वतः कागद तयार करत नाही. त्याच्या नावावर जमीन नसते, त्याला मत नसतं, त्याचा पत्ता नसतो. त्याचं बालपण बापाच्या जमिनीच्या फायलीत, धाकट्या बहिणीच्या जन्मदाखल्यावर, तपासनिसाच्या वहीत आणि गावच्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात पडलेलं असतं. म्हणून शोध मुलाचा न घेता घराचा घ्यायचा. आणि हाती आलेल्या प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारायचा: हे कोणी सांगितलं, आणि त्याला ते कसं ठाऊक?

मेलबर्न-सिडनीत स्थायिक झालेल्या मराठी घरांत आता तिथल्या जुन्या घराण्यांतल्या सुना आणि जावई आलेले आहेत. नातवंडांच्या वंशावळीची एक बाजू त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत मिळू शकते. दुसऱ्या बाजूला अशी एक वही नाही. तिथे सहा वसाहतींची सहा दप्तरं धुंडाळावी लागतात.

आधी वसाहत आणि साल

१९०१ पर्यंत ऑस्ट्रेलिया हा एक देश नव्हता. सहा ब्रिटिश वसाहती होत्या आणि प्रत्येकीने नोंदणी आपापल्या वेळी सुरू केली. टास्मानियाने, म्हणजे तेव्हाच्या व्हॅन डीमेन्स लँडने, डिसेंबर १८३८ मध्ये. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने १८४१ मध्ये. साउथ ऑस्ट्रेलियाने १८४२ मध्ये. व्हिक्टोरियाने जुलै १८५३ मध्ये आणि न्यू साउथ वेल्सने मार्च १८५६ मध्ये. क्वीन्सलँड त्या वेळी न्यू साउथ वेल्सचाच भाग होता. या तारखांच्या आधीचा जन्म असेल तर जन्मदाखला शोधत बसू नये, चर्चमधला बाप्तिस्मा शोधावा.

सीमा सरकत होत्या, हे विसरलं की घोळ होतो. व्हिक्टोरिया १ जुलै १८५१ रोजी वेगळी झाली आणि क्वीन्सलँड १० डिसेंबर १८५९ रोजी. त्यामुळे १८४५ साली मेलबर्नमध्ये जन्मलेल्या माणसाने जन्मस्थान ‘न्यू साउथ वेल्स’ सांगितलं तर ते बरोबरच आहे. सिडनीला त्याचा माग काढत जाऊ नये. गावांची नावंही बदलली. सोन्यासाठी प्रसिद्ध झालेल्या बेंडिगोचं सरकारी नाव १८५४ ते १८९१ या काळात सँडहर्स्ट होतं. त्या वर्षांचे दाखले शोधताना दोन्ही नावांनी शोधावं लागतं.

मरणापासून मागे

बालपण शोधायचं तर पहिला कागद मृत्यूचा घ्यायचा. हे उलटं वाटेल, पण त्याला कारण आहे. व्हिक्टोरियाचा नोंदणीचा नमुना विल्यम हेन्री आर्चर या विमागणितज्ञाच्या हातून घडला, आणि त्याला आकड्यांची आणि तपशिलाची हौस होती. त्या नमुन्यातल्या मृत्यूच्या दाखल्यावर आईबापांची नावं, बापाचा धंदा, आईचं माहेरचं आडनाव, जन्मस्थान, लग्न कुठे, कितव्या वर्षी आणि कोणाशी झालं, मुलांची नावं आणि वयं हे सगळं येतं. न्यू साउथ वेल्सनेही १८५६ पासून जवळपास तेच रकाने ठेवले. त्यातला एक रकाना तर सोन्यासारखा आहे: ‘वसाहतींत किती वर्षं, आणि कोणत्या’. समजा, १८९३ साली वारलेल्या माणसासमोर ‘टास्मानिया ४, व्हिक्टोरिया ३८’ असं लिहिलं आहे. म्हणजे कुटुंब साधारण १८५१ मध्ये टास्मानियात उतरलं आणि १८५५ च्या सुमारास बास सामुद्रधुनी ओलांडून पलीकडे गेलं. आता जहाज कुठल्या बंदरात शोधायचं, हे कळलं.

साउथ ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियाचे जुने दाखले मात्र कोरडे असतात. मृताच्या आईबापांची नावं त्यांवर नसतात. तिथे मृत्युपत्रं, वर्तमानपत्रं आणि शेजारच्या वसाहतीत जाऊन मेलेली भावंडं यांच्यावर भिस्त ठेवावी लागते. एक भाऊ जरी व्हिक्टोरियात वारला असला, तरी त्याच्या दाखल्यावर साऱ्या भावंडांचे आईबाप मिळून जातात.

आता तो प्रश्न: हे कोणी सांगितलं? मृत्यूच्या दाखल्यावर माहिती देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहिलेलं असतं. अंत्यविधीचं सामान पुरवणारा असेल तर वय आणि नाव यांपलीकडे फारसा भरवसा ठेवू नये. जावई असेल तर आणखी सावध राहावं. निबंधकाने ‘आईचं माहेरचं आडनाव?’ असं विचारल्यावर जावई कित्येकदा मृताच्या आईऐवजी आपल्या सासूचं माहेर सांगतो. ही चूक इतकी सर्रास आहे, की मृताच्या आईचं आणि बायकोचं माहेर एकच दिसलं तर आधी हाच संशय घ्यावा. साठ, सत्तर, ऐंशी अशी गोल वयं म्हणजे अंदाज समजावा. मुलांची यादी मात्र सहसा चांगली असते, कारण सांगणारा त्यांच्यात वावरलेला असतो.

लग्नाच्या दाखल्यावर आईबापांची नावं खुद्द वधूवरांनी सांगितलेली असतात, म्हणून ती जास्त वजनाची. वयाचं तसं नाही. एकवीस वर्षांखालच्यांना संमती लागे, त्यामुळे अठराची मुलगी दाखल्यावर एकवीसची होऊन जाते. संमती घेतलेली असेल तर ती कोणी दिली ते वाचावं. बापाऐवजी आईने किंवा पालकाने दिली असेल, तर बाप तेव्हा वारलेला, परागंदा किंवा निदान हाकेच्या टप्प्याबाहेर होता.

शेंडेफळाचा दाखला आधी

पैसे वाचवणारी एक युक्ती अशी. आपल्या पूर्वजाचा जन्मदाखला घेण्याआधी त्याच्या सर्वांत धाकट्या भावंडाचा घ्यावा. व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्सच्या जन्मदाखल्यांवर आधीच्या अपत्यांची माहिती असते, हयात असलेली आणि गेलेली धरून. शिवाय आईबापांची वयं आणि जन्मस्थानं, लग्नाचं ठिकाण आणि साल. सात दाखले विकत घेण्याऐवजी एका शेंडेफळाच्या दाखल्यावर घराचा सांगाडा उभा राहतो. व्हिक्टोरियाच्या जुन्या नोंदींची प्रतिमा पैसे भरून लगेच उतरवून घेता येते. न्यू साउथ वेल्समध्ये मान्यताप्राप्त नक्कलकार दाखल्याचा नुसता मजकूर कमी पैशांत लिहून देतात, आणि संशोधनाला तेवढं पुरतं.

याच दाखल्यावर दाई, डॉक्टर आणि हजर असलेल्या बायकांची नावं असतात. लोक ती सोडून देतात. रानातल्या फळ्यांच्या झोपडीत बाळंतपण कोण करणार? आजी, मावशी, नाहीतर शेजारीण. दाईचं आडनाव आईच्या माहेरच्या आडनावाशी जुळलं, तर आईचं माहेरही त्याच मुलखात आलं होतं असं समजावं, आणि त्या माहेराचे कागदही काढावेत.

सूची विनामूल्य पाहता येतात, पण ठरावीक वर्षं उलटल्यावरच. न्यू साउथ वेल्समध्ये जन्माला १००, लग्नाला ५० आणि मृत्यूला ३० वर्षं व्हावी लागतात. व्हिक्टोरियात लग्नाला ६०, बाकी तेच. शोधताना आडनावावर अडून बसू नये. निबंधक कानाला आलं तसं लिही, सांगणाऱ्याला बरेचदा सही येत नसे, आणि आयरिश किंवा स्कॉटिश उच्चार लंडनकडच्या कारकुनाच्या कानात शिरता शिरता बदले. आडनाव रिकामं सोडून बाप आणि आईची पहिली नावं टाकावीत, आईचं माहेरचं नाव घालता येत असेल तर तेही. हरवलेली भावंडं अशीच सापडतात. ‘मॅक’ आणि ‘ओ’ने सुरू होणारी आडनावं ते उपपद गाळूनही पाहावीत.

मिळालेली मुलं एका तक्त्यात मांडावीत: साल, ठिकाण, कागद, सांगणारा. ठिकाणांचा रकाना वरून खाली वाचला की कुटुंबाच्या भटकंतीचा नकाशाच हाती येतो. मग फटी पाहाव्यात. दोन मुलांत चार वर्षांचं अंतर असेल, तर मधलं मूल नोंदलंच गेलं नाही, किंवा बाप खाणीवर अथवा तुरुंगात होता. नऊ महिन्यांपेक्षा कमी अंतर असेल, तर दोन कुटुंबं एकात मिसळली गेली. आई अठ्ठेचाळीसची, शेवटचं बाळ आधीच्या मुलानंतर आठ वर्षांनी आलेलं आणि घरात सतरा वर्षांची बिनलग्नाची मुलगी, असं दिसलं तर ते बाळ बहुधा नातवंड असतं. निबंधकाला कोण काय सांगणार?

बाप्तिस्म्याच्या वहीत जन्मतारीख आणि बाप्तिस्म्याची तारीख असे दोन रकाने पाहावेत. दूरच्या वस्त्यांवर पाद्री वर्षा-दोन वर्षांतून घोड्यावरून येई, आणि मग तीन-चार भावंडांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी उरकला जाई. फक्त बाप्तिस्म्याची तारीख उतरवून घेतल्याने कित्येक वंशावळींत तिळी आणि चौळी जन्मली आहेत. आलेला पाद्री आपल्या पंथाचा असेलच असंही नाही. स्कॉटिश प्रेस्बिटेरियन घरातलं मूल अँग्लिकन वहीत सापडलं म्हणून कुटुंबाने पंथ बदलला, असा निष्कर्ष काढू नये.

जहाज

सरकारी जमीन विकून आलेल्या पैशातून वसाहती ब्रिटन-आयर्लंडमधून मजूर, शेतकरी आणि घरकामाच्या मुली आणत. भाडं सरकार भरे. अशा लोकांच्या याद्या काळजीने केल्या जात, कारण त्यांच्यावर पैसा खर्च झालेला होता. सिडनीला उतरलेल्यांच्या बाबतीत बहुतेकदा दोन याद्या असतात. एक एजंटाची, तीत नाव, वय, धंदा. दुसरी इमिग्रेशन बोर्डाची, आलेल्यांना विचारून केलेली; तीत मूळ गाव, आईबापांची नावं, धर्म, लिहिता-वाचता येतं का, आणि वसाहतीत आधीपासून कोणी नातेवाईक आहे का, हेही येतं. सूचीत पहिली यादी सापडली की लोक खूश होऊन थांबतात. दुसरी मागवल्याशिवाय थांबू नये. आपला पूर्वज तिथे सहा वर्षांचा एक आकडा असेल, पण त्याच्या बापाच्या रांगेत आजा-आजीची नावं असतात.

या याद्यांतली वयं मात्र सोयीची असतात. भाडं मिळायला वयाची अट असे, म्हणून बेचाळीसचा बाप अडतीसचा होई आणि आई त्याच प्रमाणात तरुण. मुलांच्या भाड्याचा दर मोठ्यांपेक्षा कमी, म्हणून चौदा-पंधराची मुलं बाराची होत. त्यामुळे मृत्यूचं वय आणि जहाजावरचं वय जुळत नसेल, तर माणूस वेगळा आहे असं लगेच म्हणू नये. कोणाला काय लपवायचं होतं ते पाहावं.

स्वतःच्या खर्चाने आलेल्यांची गोष्ट निराळी. केबिनमधल्यांची नावं मिळतात; खालच्या वर्गात नुसतं आडनाव, आणि ‘मिसेस आणि चार मुलं’. एका वसाहतीतून दुसरीकडे जाताना तर कित्येकदा नावच लागत नसे. १८५१ मध्ये सोनं सापडल्यावर ॲडिलेडकडून हजारो माणसं चालत व्हिक्टोरियात शिरली. त्यांची यादी कोण करणार?

प्रवास साधारण तीन ते चार महिन्यांचा असे, आणि त्यात मुलं जन्मत आणि मरत. १८५२ मध्ये ‘टायकॉन्डेरोगा’ या जहाजावर सुमारे ८०० माणसं कोंबली होती. वाटेतच शंभरेक दगावली आणि जहाज पोर्ट फिलिप या मेलबर्नच्या उपसागराच्या तोंडाशी क्वारंटाइनमध्ये अडकलं. अशा जहाजावरच्या कुटुंबात नंतर सावत्र आई किंवा मावशीकडे वाढलेली मुलं दिसली, तर कारण शोधायला लांब जायला नको. मुलाला जहाजाचं किंवा कप्तानाचं नाव मधलं नाव म्हणून देण्याचीही पद्धत होती. घराण्यात एखादं विचित्र मधलं नाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं असेल, तर ते जहाजांच्या सूचीत घालून पाहायला पैसे पडत नाहीत.

जनगणना नाही, मग जमीन

इंग्लंडचे कागद हाताळलेला माणूस ऑस्ट्रेलियात आला की आधी जनगणना शोधतो आणि हात हलवत परततो. न्यू साउथ वेल्सची १८२८ ची नावानिशी जनगणना टिकली आहे. नंतरच्या जनगणनांमधली घरोघरची पत्रकं आकडे काढून झाल्यावर बहुतेक नष्टच केली. २२ सप्टेंबर १८८२ रोजी सिडनीचा गार्डन पॅलेस जळाला, त्यात १८८१ च्या जनगणनेचे कागदही गेले. १८९१ आणि १९०१ च्या तिथल्या वह्या उरल्या आहेत, पण त्यांत फक्त घरमालकाचं नाव आणि घरात पुरुष किती, बायका किती, एवढंच.

ती पोकळी जमिनीच्या फायली भरून काढतात, आणि माझ्या मते बालपणाचं सगळ्यात जिवंत चित्र तिथेच आहे. न्यू साउथ वेल्समध्ये १८६१ च्या रॉबर्टसन कायद्याने कोणालाही ४० ते ३२० एकर जमीन एकरी एक पौंडाने निवडता येऊ लागली. पाव रक्कम आधी, आणि तीन वर्षं तिथे राहण्याची अट. व्हिक्टोरियात १८६९ च्या कायद्याने ३२० एकरांपर्यंत परवाना मिळे. कुंपण घालायचं, दहावा हिस्सा नांगराखाली आणायचा, तिथे राहायचं; तीन वर्षांनी भाडेपट्ट्यासाठी अर्ज करायचा. त्या अर्जात बापाला सगळा हिशोब द्यावा लागे: घर किती फूट बाय किती, भिंती कशाच्या, छप्पर झाडाच्या सालीचं की पत्र्याचं, खोल्या किती, कुंपण कोणतं आणि किती साखळ्या, विहीर की तळं, पहिल्या वर्षी गहू किती एकर. चौदा बाय चोवीस फुटांच्या दोन खोल्या आणि त्यात नऊ माणसं, हे वाचल्यावर आणखी वर्णन लागत नाही.

मोजमापाबद्दल एक इशारा. तिथली साखळी ६६ फुटांची. मुंबई इलाख्याच्या मोजणीतली साखळी ३३ फुटांची. ३३ बाय ३३ फूट म्हणजे आपला एक गुंठा. एकर दोन्हीकडे तोच, पण कुंपणाच्या साखळ्या आपल्या हिशोबाने मोजल्या तर कुंपण निम्म्यावर आणि शेत पाव हिश्श्यावर येईल.

ज्यांचं बिनसलं त्यांच्या फायली सर्वांत जाड. हप्ता थकला की बाप विनवणीचं पत्र लिही: पावसाने दगा दिला, गव्हावर तांबेरा पडला, बायको अंथरुणाला खिळली, मुलं इतकी आणि थोरला अमुक वर्षांचा. ज्याची जन्मनोंद नाही त्याचं वय अशा पत्रात मिळू शकतं. फक्त हे लक्षात ठेवावं, की दया यावी म्हणून लिहिलेल्या पत्रात मुलं थोडी लहान होतात. तपासनिसाचा अहवाल त्याच फायलीत लावलेला असतो. तो शेजारी ठेवून वाचावा.

पॅरिशचे, म्हणजे जमीनमोजणीसाठी पाडलेल्या छोट्या विभागांचे, नकाशे यासोबत पाहावेत. प्रत्येक तुकड्यावर घेणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. जन्मदाखल्यावरची दाई, लग्नाचे साक्षीदार, पुढे झालेला जावई, सगळे आजूबाजूच्या तुकड्यांवर सापडतात. काही बापांनी मुलांच्या नावानेही शेजारचे तुकडे घेतले, तेव्हा नकाशावर दिसणारा जमीनदार प्रत्यक्षात परकरातली पोर असू शकते. आणि ही जमीन रिकामी नव्हती. ती ज्या आदिवासी लोकांची होती, त्यांचा उल्लेख या फायलींत क्वचितच येतो. फाइल जणू कोऱ्या कागदावर सुरू होते. घराण्यातली एखादी आई बापाच्या नावाशिवाय, माहेराशिवाय, नुसत्या पहिल्या नावाने नोंदलेली आढळली, तर ती कोण होती हा प्रश्न टाळू नये.

शहरात वाढलेल्या मुलांसाठी नगरपालिकेच्या करवह्या आहेत. व्हिक्टोरियात त्या १८५० च्या दशकापासून मिळतात. घर विटांचं की लाकडाचं, खोल्या किती, भाडेकरू कोण, हे दरवर्षी कळतं. भाडं थकवून कुटुंब कोणत्या गल्लीतून कोणत्या गल्लीत गेलं, तेही.

शाळा

नेडच्या बाबतीत जे शाळेने दिलं, ते इतरांनाही मिळू शकतं. व्हिक्टोरियाने १८७२ च्या कायद्याने सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं, मोफत आणि धर्मनिरपेक्ष केलं. न्यू साउथ वेल्सचा सक्तीचा कायदा १८८० चा. पण कायद्यापेक्षा कामाचे असतात ते शाळा मागणारे अर्ज. नव्या वस्तीवरच्या आईबापांना दाखवावं लागे, की इथे पुरेशी मुलं आहेत. म्हणून अर्जात पालकांची नावं, मुलांची वयं, पंथ आणि शाळेच्या जागेपासून घर किती मैल, हे लिहिलेलं असतं. कधी कधी संख्या भरावी म्हणून चार वर्षांचं पोर पाचचं झालेलं असतं, एवढं धरून चालावं. हे अर्ज शाळेच्या फायलीत राज्याच्या अभिलेखागारात मिळतात. पूर्वजाच्या आडनावाने शोधले तर सापडत नाहीत, शाळेच्या नावाने शोधावे लागतात.

प्रवेशवही टिकली असेल, तर तीत जन्मतारीख, बापाचा धंदा आणि आधीची शाळा असते. ‘आधीची शाळा’ हा रकाना म्हणजे कुटुंबाच्या मागच्या मुक्कामाचा पत्ता. या वह्या बऱ्याच हरवल्या. उरलेल्यांपैकी काही अजून शाळेच्याच कपाटात, काही गावच्या इतिहासमंडळाकडे.

ट्रोव्ह

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ट्रोव्ह हे संकेतस्थळ फुकट आहे, आणि १८०३ च्या ‘सिडनी गॅझेट’पासून साधारण १९५४ पर्यंतची असंख्य वर्तमानपत्रं तिथे शब्दाने शोधता येतात. अडचण ही, की मजकूर यंत्राने वाचलेला आहे. पुसट छपाईत यंत्र सी आणि ई, एच आणि बी यांत गफलत करतं, आर आणि एन मिळून एम करतं. वाचकांनी कोट्यवधी ओळी हाताने दुरुस्त केल्या आहेत, तरी पुष्कळ बाकी आहेत. आडनावाने काही मिळालं नाही तर वस्तीचं नाव, पाण्याच्या ओढ्याचं नाव, शाळेचं नाव, शेजाऱ्याचं आडनाव घालावं आणि सालं आवळावीत. मग शाळेच्या बक्षिसांची यादी, विहिरीत पडलेल्या मुलाची बातमी, बापावर कुंपणावरून झालेला दावा असं हाती लागतं. मूल बुडालं किंवा भाजलं असेल तर मृत्यूची चौकशी झालेली असते. तिच्या जबान्यांत भावंडं आणि शेजारी त्या दिवसाचा तासातासाचा वृत्तांत देतात. वाचवत नाही, पण घरातली सकाळ कशी असे ते इतकं नेमकं दुसरीकडे मिळत नाही.

चरित्रात्मक मृत्युलेखांवर मात्र विसंबू नये. साठ वर्षांनी ‘आद्य वसाहतकार’ म्हणून गौरवलेला माणूस नेहमी पहिल्याच जहाजाने आलेला असतो, आणि कैदी तर कोणाचाच बाप नसतो. नेडचा बाप आयर्लंडमधल्या टिपररीचा. डुकरं चोरल्याबद्दल त्याला व्हॅन डीमेन्स लँडला पाठवलं होतं. त्याची आई एलन क्विन मात्र आईबापांबरोबर मोकळ्या स्थलांतरितांच्या जहाजाने १८४१ मध्ये आली. अशी मिश्र घरं खूप. टास्मानियाच्या कैदी-वह्यांत उंची, डोळ्यांचा रंग, गोंदण, मूळ गाव, भावंडांची नावंसुद्धा मिळतात. लाज वाटून घराण्याने जो पूर्वज लपवला, त्याचीच माहिती बहुधा सर्वांत भरघोस निघते.

घराबाहेर वाढलेली मुलं

तक्त्यातून एखादं मूल पाच-सहा वर्षांचं असताना गायब झालं आणि मृत्यूचीही नोंद नाही, तर संस्थांच्या वह्या काढाव्यात. व्हिक्टोरियात १८६४ च्या कायद्यानंतर ‘उपेक्षित’ मुलांना सरकारी ताब्यात घेत आणि त्यांची नोंदवही ठेवत: आई कुठे, बाप काय करतो, कोणाच्या घरी कामाला पाठवलं. सिडनीजवळ रँडविकला निराधार मुलांचा आश्रम होता, होबार्टला अनाथ शाळा होत्या. ‘उपेक्षित’ शब्दावर जाऊ नये. बाप वारला आणि आईला मजुरी मिळाली नाही, एवढंही पुरे होई. आयर्लंडच्या दुष्काळानंतर १८४८ ते १८५० या काळात चार हजारांहून जास्त अनाथ मुली ऑस्ट्रेलियाला आणल्या गेल्या. आई त्यांतली असेल, तर तिच्या माहेरचा शोध कार्यगृहाच्या, म्हणजे निराधारांना काम देऊन ठेवत त्या संस्थेच्या, वहीपासून सुरू होतो.

समुद्रापलीकडे

गावाचं नाव हाती आल्याशिवाय ब्रिटनचे कागद उघडू नयेत. ‘लंडनचा जॉन स्मिथ’ शोधण्यात आयुष्य जातं. इंग्लंडची नोंदणी जुलै १८३७ ची, स्कॉटलंडची १८५५ ची, आयर्लंडची पूर्ण नोंदणी १८६४ ची. इंग्लंडच्या १८४१ च्या जनगणनेत पंधरावरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली असतात. तीस म्हणजे तीस ते चौतीस. आयर्लंडच्या १८२१ ते १८५१ च्या जनगणना १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्सच्या आगीत जवळजवळ सगळ्या गेल्या, म्हणून तिथे कॅथलिक पॅरिशच्या वह्या आणि जमीनमूल्यांकनाच्या याद्या यांवर काम चालतं.

कधी जन्मस्थानाच्या रकान्यात ‘ईस्ट इंडीज’, ‘बॉम्बे’ किंवा ‘पूना’ दिसतं. फौजेतल्या आणि कंपनीच्या नोकरीतल्या घरांची मुलं खडकी, पुणे, कुलाबा इथे जन्मून नंतर ऑस्ट्रेलियात गेली. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत. म्हणून पुण्याच्या चर्चमध्ये जाण्याआधी लंडनची प्रत पाहावी. तिथे बापाची पलटणही लिहिलेली असते, आणि पलटण कळली की घर कोणत्या वर्षी कुठल्या छावणीत होतं ते कळतं.

जनुकचाचणीचाही उपयोग आहे, पण मर्यादित. चौथ्या पिढीच्या चुलत नात्यात (इंग्रजीत ‘फोर्थ कझिन’) दोघांचा दुवा चाचणीत दिसण्याची शक्यता साधारण निम्मीच असते. जुळणी दिसली नाही म्हणून नातं नाही, असं ठरत नाही.

सगळ्यात जास्त वंशावळी बिघडतात त्या समान नावांमुळे. जन्मसूचीत योग्य नावाचं, योग्य सालाचं, योग्य गावाचं मूल सापडतं, आणि ते झाडाला चिकटवून माणूस मोकळा होतो. त्याआधी तेच नाव मृत्युसूचीत घालावं, वय शून्य ते पाच. त्या काळी अर्भकं फार जात, आणि गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला देण्याची सर्रास रीत होती. १८५२ चा थॉमस वारला, तर १८५४ चाही थॉमस. केली घराण्यातलंही पहिलं अपत्य, मेरी जेन, तान्हेपणीच गेलं. अशा वेळी थोरल्या थॉमसचा जन्मदाखला, धाकट्या थॉमसचं लग्न आणि तिसऱ्याच गावातल्या चुलत थॉमसचा मृत्यू एका माणसाच्या नावावर चढतात. मृत्युसूचीत मूल सापडलं, तर आईचं माहेरचं नाव जुळतं का तेवढं पाहायचं. जुळलं तर पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याच आईबापांना त्याच नावाचं दुसरं मूल झालं का, ते शोधायचं.